मेंदूला इजा झालेल्या माजी सैनिकाचं जुनं दुखणं: कोणतं ॲप आधी घ्यावं?

2000 सालापासून अमेरिकी लष्करातल्या चार लाखांहून अधिक जणांना मेंदूच्या इजेचं निदान झालं. त्यांतल्या अनेकांची डोकेदुखी, मानदुखी किंवा कंबरदुखी वर्षानुवर्षं थांबत नाही. जुन्या दुखण्यावर ओपिऑइड (अफूच्या जातीची वेदनाशामक औषधं) सुरू करू नयेत, असं तिथल्या संरक्षण खात्याच्या आणि माजी सैनिकांच्या खात्याच्या (व्हीए) 2022 च्या मार्गदर्शिकेत म्हटलं आहे. म्हणून श्वास, ध्यान आणि विचारांना वळण लावणाऱ्या ॲपांकडे ही कुटुंबं वळतात. तुमच्या घरात असा कोणी असेल, तर ‘कुठल्या ॲपने जास्त आराम पडतो’ याआधी ‘त्याच्या डोक्याला कुठलं झेपेल’ हे विचारा. विसरभोळेपणा, उजेडाचा त्रास, घेरी, पटकन येणारा थकवा यांवर निवड ठरते.

पहिलं, व्हीएचं ‘माइंडफुलनेस कोच’. ते फुकट आहे आणि खातं उघडावं लागत नाही. आवाजाच्या सूचनेवर व्यायाम करायचे, आठवणीसाठी गजर लावायचा, नोंद ठेवायची. लक्षात राहत नाही अशा माणसाला तो गजर फार उपयोगी पडतो. पडद्याकडे बघत बसावं लागत नाही, हाही मोठा फायदा. काळजी एकाच गोष्टीची घ्यायची: युद्धाच्या आठवणी छळत असतील, तर डोळे मिटून शरीराकडे लक्ष नेताना काहींना जास्तच घाबरायला होतं. अशांनी डोळे उघडे ठेवून, थोड्या वेळापासून सुरुवात करावी.

दुसरा पर्याय कपाळावर बांधायच्या पट्टीचा, म्हणजे न्यूरोफीडबॅकचा. पट्टी मेंदूतल्या विद्युतलहरी टिपते आणि मन शांत होतंय की नाही ते फोनमधल्या आवाजावरून कळतं. मला हा पर्याय सगळ्यात आशादायक वाटतो, कारण तो नेमका याच लोकांवर तपासला गेला आहे. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मेंदूची इजा, आघातोत्तर ताण आणि जुनं दुखणं असलेल्या 41 माजी सैनिकांनी तीन महिने घरी तो वापरला, आणि त्यांचं दुखणं कमी झालं. पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. त्यामुळे हा गुण पट्टीचा की रोज थोडा वेळ स्वस्थ बसण्याचा, हे त्यावरून सांगता येत नाही. शिवाय पट्टीला पैसे पडतात आणि ती चार्ज करणं, फोनला जोडणं ही कामं मागे लागतात. घरात मदतीला कोणी असेल तरच घ्यावी.

‘रिलीव्हआरएक्स’ हे फोनवरचं ॲप नाही, डोळ्यांवर चढवायचा, आभासी दृश्यं दाखवणारा (व्हीआर) संच आहे. कंबरदुखीसाठी त्याला अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय साधनांना परवानगी देणाऱ्या संस्थेने) नोव्हेंबर 2021 मध्ये मान्यता दिली. 179 जणांच्या चाचणीत खरा व्हीआर-कार्यक्रम वापरलेल्या 66 टक्के लोकांचं दुखणं 30 टक्क्यांहून जास्त उतरलं, तुलनेच्या गटात 41 टक्क्यांचं. तिघांत भक्कम पुरावा याचाच. तरीही इजा झालेल्या डोक्यासाठी मी तो शेवटी ठेवेन. त्याच चाचणीत सुमारे पाचांतल्या एकाला संच टोचला-बोचला आणि जवळपास 10 टक्के लोकांना मळमळलं. आधीच घेरी येणाऱ्याला हे नको. फिट येऊन गेली असेल तर न्यूरॉलॉजिस्टला विचारल्याशिवाय संच चढवूच नये.

दुखण्याला तोंड द्यायच्या युक्त्या शिकवणारा ‘पेनट्रेनर’ हा फुकट ऑनलाइन कार्यक्रमही चांगला आहे, पण त्याचे आठ पाठ लांब आहेत. लक्ष टिकत नसेल तर एक पाठ दोन-तीन बैठकांत पुरा करावा.

तेव्हा आधी ‘माइंडफुलनेस कोच’, रोज ठरलेल्या वेळी आणि घरातल्या कोणाच्या तरी सोबतीनं. काही आठवडे नीट करूनही फरक नसेल तर पट्टी. डोकेदुखी वाढली तर व्यायाम तिथेच थांबवून उपचार करणाऱ्यांना कळवा. जगणं नकोसं झाल्याची भाषा ऐकू आली, तर मात्र कुठल्याच ॲपची वाट बघू नका: अमेरिकेत 988 लावून 1 दाबलं की माजी सैनिकांसाठीची मदतवाहिनी मिळते, दिवसरात्र.