कूलरचा टब: पांढरा पत्रा की स्टेनलेस?

नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) लागायच्या आत नवा कूलर करून घ्यायचा असेल तर कूलरवाला विचारणारच, पत्र्याचा की स्टीलचा? मोटर, पंप, वाळ्याच्या ताट्या दोन्हीकडे सारख्याच. मी दोन्ही वापरले आहेत, म्हणून फक्त टबाबद्दल बोलतो. पाणी उभं राहतं ते तिथेच.

पांढरा पत्रा, म्हणजे जस्ताचा लेप दिलेलं लोखंड, वाईट नाही. त्यावर ओरखडा गेला तरी लोखंड लगेच गंजत नाही. जस्त आपले इलेक्ट्रॉन लोखंडापेक्षा सहज सोडतं, त्यामुळे आधी ते झिजतं आणि शेजारचं उघडं लोखंड वाचवतं. शिवाय पत्रा स्वस्त.

माझं बिनसलं ते घडीवर. धातूत मोकळे इलेक्ट्रॉन सगळ्या अणूंचे सामायिक असतात, त्यामुळे अणूंचे थर एकमेकांवरून सरकले तरी पकड सुटत नाही. म्हणून तर पत्रा काटकोनात मोडता येतो. पण सरकायला वाटा लागतात. लोखंडात त्या भरपूर, जस्ताच्या षटकोनी रचनेत मोजक्याच. पोलाद निमूट वाकतं आणि वरचं जस्त घडीवर बारीक तडकतं. ताट्यांचे ओघळ तिथूनच वाहतात. माझा टब गंजला तो नेमका त्या रेषेवर. मग दरवर्षी होळी झाली की टब उलटा करा, खरवडा, प्रायमर मारा, आतून डांबर फासा. एवढं करून कूलर सुरू केला की पहिले काही दिवस घरभर डांबराचा वास. या वासालाच मी कंटाळलो.

स्टेनलेसला वेगळा लेप नसतो. मिश्रधातूतलंच क्रोमियम हवेतल्या ऑक्सिजनशी घट्ट बंध जोडून काही नॅनोमीटरचा थर धरतं. घडीवर तो फाटला तरी खालचं क्रोमियम नवा धरतं. स्टेनलेसच्या ३०४ या प्रतीत क्रोमियम सुमारे १८ टक्के, निकेल ८ टक्के. २०२ या प्रतीत निकेलची बरीचशी जागा मँगनीज घेतं, म्हणून ते स्वस्त. नागपूरच्या इतवारी बाजारात चुंबक लावून माल पारखणारे भेटतील, पण चुंबक या दोन्हींना चिकटत नाही. उलट अस्सल ३०४ च्या मोडलेल्या कोपऱ्यावर तो थोडा ओढला जातो, कारण ताणाने तिथली अणुरचना बदलते. तेवढ्यावरून दुकानदाराशी वाद घालू नये.

स्टील महाग आहे, हे मान्य. बोअरचं पाणी असेल तर सांभाळावंही लागतं. पाणी उडत जातं तसे क्षार दाटतात, आणि क्लोराइड त्या पातळ थराला भोकं पाडतं. टब अधूनमधून पूर्ण रिकामा केलेला बरा.

भाड्याचं घर असेल, वर्ष-दोन वर्षांत हलायचं असेल, तर पत्राच घ्या. घर स्वतःचं असेल तर मी तरी स्टीलच सुचवीन, निदान टब तरी. बॉडी पत्र्याची, टब स्टीलचा अशी तडजोड कूलरवाला सुचवेल. ती चालते, फक्त सांध्यात रबराची पट्टी घालायला सांगा. नाहीतर ओल्या सांध्यात पत्र्यावरचं जस्त स्टीलपायी लवकर संपतं.