मेटोक्लोप्रमाइड की ओन्डान्सेट्रॉन?
सोलापूरच्या उन्हाळ्यात उलट्या सुरू झाल्या की जुन्या चिठ्ठीवरचीच गोळी आणणे धोक्याचे आहे. डोपामिन या मेंदूतील रसायनाची क्रिया रोखणाऱ्या मेटोक्लोप्रमाइड या उलटीवरच्या औषधाने गुंगी येते आणि क्वचित, विशेषतः मुलांत व तरुणांत, मान वाकडी होते, जबडा आखडतो, डोळे वर फिरतात. घरच्यांना ती फिट वाटते, परंतु औषध थांबवून वेळीच उपचार केल्यास हा त्रास ओसरतो. युरोपीय औषध नियामकाने २०१३ मध्ये त्याचा वापर ५ दिवसांपुरता मर्यादित केला. सेरोटोनिन या दुसऱ्या रसायनाचा मार्ग अडवणाऱ्या ओन्डान्सेट्रॉन या उलटीवरच्याच औषधात हा धोका फार कमी असल्याने मुलांसाठी मला तेच अधिक योग्य वाटते. मात्र त्याने डोकेदुखी व बद्धकोष्ठता होते, आणि हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडलेल्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याविना घेऊ नये. तुळजापूरच्या घाटात गाडी लागते, त्यावर दोन्हींचा फारसा उपयोग होत नाही.