सर्व्हरचे चार नेटवर्क पोर्ट जोडून वापरले: दिवाळीपासून मेपर्यंतचा अनुभव

नागपूरच्या बर्डीवर आमची लग्नाच्या अल्बमची आणि व्हिडिओ एडिटिंगची लॅब आहे. रॉ फोटो, फोर-के क्लिप, सगळा माल एकाच उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) सर्व्हरवर असतो आणि पोरं फाइल थेट तिथूनच उघडतात. तुळशीची लग्नं लागली की आमचा सीझन सुरू. संध्याकाळी सगळ्या मशीन एकदम कामाला लागल्या की एका गिगाबिट केबलचा जीव तो केवढा! म्हणून दिवाळीच्या सुट्टीत सर्व्हरमध्ये इंटेलचं चार पोर्टचं सेकंडहँड कार्ड टाकलं, मॅनेज्ड (ज्याच्या सेटिंग बदलता येतात असा) स्विच घेतला आणि चारही पोर्टचा एलएसीपी बाँड केला, म्हणजे सर्व्हर आणि स्विच आपसात ठरवून चार केबल एकच जोडणी म्हणून वापरतात.

दुकानदार जे सांगत नाही ते आधी सांगतो. चार गिगाबिट जोडले म्हणून एका मशीनला चौपट वेग मिळत नाही. एक मोठी फाइल कॉपीला लावा, आकडा पूर्वीसारखाच सेकंदाला ११०-११५ एमबीवर अडतो. एका कनेक्शनची सगळी पॅकेट एकाच केबलवरून जातात आणि हे मुद्दामच तसं ठेवलंय, नाहीतर मागचं पॅकेट पुढे पोचून टीसीपीचा (डेटा क्रमाने पोचवणाऱ्या नियमांचा) गोंधळ उडतो. बॅलन्स-आरआर नावाचा मोड आळीपाळीने प्रत्येक केबलवर पॅकेट टाकतो खरा, पण समोरच्या मशीनला एकच गिगाबिट पोर्ट असेल तर त्याचा उपयोग काय? वर क्रम बिघडून रिट्रान्समिट (तीच पॅकेट पुन्हा पाठवणं) वाढतात ते वेगळंच.

फायदा दिसतो तो गर्दीत. एकजण मोठा प्रोजेक्ट रेंडर करतोय म्हणून दुसऱ्याची टाइमलाइन अडकणं आमच्याकडे जवळजवळ बंद झालं. जवळजवळ म्हणतो, कारण सुरुवातीला तीनच मशीन रोज रखडायच्या आणि बाकीच्या सुसाट. कारण सापडलं ते हॅश पॉलिसीत, म्हणजे कोणाचा डेटा कोणत्या केबलवर टाकायचा त्या नियमात. लिनक्स बाँडिंगची मूळ सेटिंग लेयर-२ असते. सर्व्हरच्या आणि समोरच्या मशीनच्या मॅक पत्त्याच्या (नेटवर्क कार्डाच्या कायमच्या क्रमांकाच्या) शेवटच्या बाइटवरून कोणती केबल ते ठरतं. चार केबल असतील तर चाराने भागून उरलेली बाकी पाहिली जाते. मॅक पत्त्यात ९ नंतर ए ते एफ म्हणजे १० ते १५. म्हणजे ज्यांचा मॅक ३, ७, बी किंवा एफने संपतो ते सगळे एकाच केबलवर. आमच्या त्या तीन मशीनचे शेवट ३, ७ आणि एफ होते! तिघं एका केबलवर लटकलेले आणि शेजारची केबल निवांत. हॅश पॉलिसी लेयर ३+४ केली की आयपी पत्ता आणि पोर्ट नंबरही (केबलचं पोर्ट नव्हे, सॉफ्टवेअरमधला कनेक्शनचा क्रमांक) हिशेबात येतात. टक्कर अजूनही होते कधीकधी, पण रोज त्याच त्या पोरांची होत नाही.

मात्र ही सेटिंग सर्व्हरकडून बाहेर जाणाऱ्या डेटापुरतीच. सर्व्हरकडे येणारा डेटा कोणत्या केबलवरून यायचा ते स्विच ठरवतो, आणि आमचा स्विच फक्त मॅकवरच वाटणी करतो. त्यामुळे शूटवरून आलेली मेमरी कार्डं रिकामी करताना काही जण अजून कुरकुरतात. स्विच घेणार असाल तर एलएसीपी आहे का एवढ्यावर थांबू नका, हॅशचे पर्याय किती आहेत तेही बघा. साध्या, अनमॅनेज्ड स्विचवर एलएसीपी चालतच नाही.

बसवताना एक काळजी घ्या. नेटप्लॅन ट्राय ही उबुंटूतली नेटवर्क सेटिंग तपासायची कमांड एरवी चुकीची सेटिंग आपोआप मागे घेते, पण बाँडच्या बाबतीत तिने सरळ हात वर केले. तेव्हा घरून, रिमोटने हे काम करू नका. सर्व्हरला मॉनिटर-कीबोर्ड लावून समोर बसूनच करा. नंतर प्रॉक-नेट-बाँडिंग (/proc/net/bonding) या फोल्डरमधली बाँडची फाइल उघडून चारही पोर्टचा अॅग्रिगेटर आयडी (पोर्ट कोणत्या गटात आहे तो क्रमांक) एकच आहे का ते बघा. एखाद्या पोर्टचा वेगळा असेल तर बहुधा केबल स्विचच्या ग्रुपबाहेरच्या पोर्टात गेली आहे. हिरवा दिवा लागतो, पण बाँडच्या कामाला ती केबल येत नाही.

पैसे खऱ्या अर्थाने वसूल झाले ते जानेवारीत, उंदराने एक केबल कुरतडली तेव्हा. एमआयआय तपासणी (केबल जिवंत आहे का ते बघणं) १०० मिलिसेकंदांवर ठेवली होती. बाँडने ती केबल बाजूला काढली आणि लॅबमध्ये कोणाला पत्ताही लागला नाही. पण हीच गोष्ट धोक्याचीही आहे राजेहो. काम चालू राहतं, म्हणून कोणी बघायला जात नाही. मी क्रॉनमध्ये (ठरावीक वेळाने आपोआप काम चालवणाऱ्या सोयीत) छोटी स्क्रिप्ट लावली आहे. बाँडच्या त्या फाइलमध्ये कुठे ‘डाउन’ दिसलं की मोबाइलवर मेसेज येतो. ती नसती तर तीन केबलवर अख्खा सीझन काढला असता.

मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला आणि लाइट जा-ये करू लागली. चारही केबल एकाच स्विचला, म्हणजे स्विच बसला की बाँडही बसला. त्यामुळे स्विच सर्व्हरच्याच यूपीएसवर घेतला आणि त्या खोलीत कूलर न ठेवता एसी लावला. कूलरचा ओलावा मशीनला नको. दोन स्विच परवडत असतील तर अॅक्टिव्ह-बॅकअप मोड बरा. त्यात स्विचवर काहीच सेटिंग लागत नाही, पण एका वेळी एकच केबल काम करते.

घ्यावं का? एकटा-दुकटा एडिटर असाल तर मुळीच नको. २.५ गिगाबिटचं कार्ड आणि तसाच स्विच घ्या, कॅट-५ई केबल तीच चालते आणि एका फाइललाही खरा वेग मिळतो. सर्व्हरमध्ये एकच हार्ड डिस्क असेल तर आधी तिचं बघा, कारण चार जणांनी एकदम मागितलं की केबलच्या आधी डिस्कच धापा टाकते. आमच्यासारखी पाच-सात माणसं आणि जुन्या गिगाबिट मशीन असतील तर बिनधास्त करा.

मालकांचा अजून एक प्रश्न असतो: दोन कंपन्यांचं ब्रॉडबँड असंच जोडता येईल का? या बाँडने नाही. त्याला दोन वॅन पोर्टचा (इंटरनेटची लाइन लावायच्या दोन जागांचा) राउटर लागतो, आणि तिथेही एक डाउनलोड एकाच लाइनवरून येतं.