मांजरीला ट्यूब द्यावी की गव्हाचा डबा लावावा?

तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीनं परवा मला जिन्यातच गाठलं. "काका, आमची माऊ खाली पार्किंगशेजारचं गवत खाते आणि वर येऊन ओकते. दुकानात म्हणाले, चाटून पोटात गेलेले केस निघायला ट्यूब सुरू करा. आई म्हणते, गवतच खाऊ दे. काय करू?" मी गेली चार वर्षं घरातल्या दोन मांजरांवर ट्यूब आणि डब्यात उगवलेलं गव्हाचं गवत, दोन्ही करून बघितलंय. तिला जे सांगितलं तेच जरा सविस्तर लिहून काढतो, कारण हा प्रश्न मला वरचेवर येतो.

आमची ठकी साधी गावठी, आखूड केसांची. बंड्या नंतर आला. तो पर्शियन, कुणीतरी घर बदलताना मागे सोडलेला. आम्ही पुण्यात कर्वेनगरात चौथ्या मजल्यावर राहतो, बाल्कनीला जाळी आहे, त्यामुळे दोघांनाही बाहेरचं गवत मिळत नाही.

ट्यूब आणि गवत एकमेकांना पर्याय आहेत असं दुकानात सांगतात, ते अर्धंच खरं आहे. मांजर पक्की मांसाहारी. गवतातलं सेल्युलोज पचवायची सोय तिच्या पोटात नाही. पातं जसं गेलं तसंच बहुतेक बाहेर येतं, वरून नाहीतर खालून. म्हणजे गवतातून तिला पोषण मिळतं असं नाही, आणि गवत खाल्लं म्हणजे ती आजारी आहे असंही नाही. "पोट बिघडलं की मांजर गवत खाते" हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या बेंजामिन हार्ट आणि सहकाऱ्यांनी हजाराहून जास्त मांजरपालकांना विचारून २०१९ मध्ये जे मांडलं ते वेगळं होतं. सुमारे ७१ टक्के मांजरांनी निदान सहा वेळा तरी झाडपाला खाल्ला होता, ९१ टक्के मांजरं त्याआधी अगदी ठीक दिसत होती आणि खाल्ल्यावर वारंवार ओकणारी होती साधारण पाव. त्यांचा तर्क असा की ही रानातल्या पूर्वजांकडून आलेली खोड असावी. चिंपांझी खरखरीत पानं अख्खी गिळून आतड्यातले जंत बाहेर काढतात, तसंच काहीसं. आपल्या मांजरीच्या पोटात जंत नसले तरी सवय राहिली. मला हे पटतं, कारण ठकी गवत खाते ती अगदी खुशीत, शेपूट उभी करून.

ट्यूबचं काम वेगळं. आत माल्टचा अर्क आणि तेलं असतात, काहींत पेट्रोलियम जेली. मांजराची जीभ म्हणजे घशाच्या दिशेनं वळलेल्या काट्यांची किसणी. चाटलेला केस थुंकता येत नाही, तो गिळलाच जातो. ट्यूब त्या केसांना बुळबुळीत करून पुढे सरकवते. बंड्याला केस गळायच्या दिवसांत ती दिली तेव्हा लिटर बॉक्समध्ये केस जास्त दिसायला लागले आणि त्याचं ओकणं कमी झालं, असं मला वाटलं. मी मोजमाप काही ठेवलं नाही. पेट्रोलियम जेलीची असेल तर मात्र रोज आणि महिनोन्‌महिने देऊ नये, जेवणाबरोबर तर नकोच. तेलात विरघळणारी अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वं अंगी लागण्यात तिचा अडथळा येऊ शकतो. आणि पातळ पॅराफिन तर घरी कधीच तोंडात ओतू नये, ते श्वासनलिकेत गेलं तर फुप्फुसाला सूज येते.

इथपर्यंत ट्यूब वाईट नाही. माझं बिनसलं ते ठकीमुळे.

बंड्यानं पहिले चार दिवस बोटावरून चाटून घेतली. ठकीनं पहिल्याच दिवशी वास घेऊन तोंड फिरवलं. दुकानातल्या मुलानं युक्ती सांगितली की पुढच्या पंजावर लावा, पंजा स्वच्छ करायला मांजर चाटतेच. ठकी चाटत नाही, पंजा झटकते. तपकिरी चिकट शिंतोडे भिंतीवर, पडद्यावर, एकदा देवघराच्या दारावर. ते पुसून निघतं, त्याचं काही नाही. पण दोन आठवड्यांत तिला ट्यूबचं झाकण उघडल्याचा आवाज कळायला लागला. तो 'टक्' झाला की ठकी दिवाणाखाली. पुढे आवाजाचीही गरज उरली नाही. रात्री जेवून हात धुऊन मी खोलीत आलो की ती उठून निघून जायची. ही मांजर पिल्लू असल्यापासून रोज माझ्या पोटरीला टेकून झोपत आली आहे. त्या दिवसांत ती कपाटावर झोपायची, मी वर बघितलं की अंग चोरायची. केसांचा गोळा पडतो महिन्या-दीड महिन्यातून एकदा, आणि त्यासाठी रोज ही झटापट. एखाद्याची मांजर आनंदानं चाटत असेल तर त्याला हा त्रासच नाही, हे मान्य. माझ्यापुरता निकाल तिथेच लागला.

गवताचा शोध आम्हाला त्याच वर्षी नवरात्रात लागला. आई घट बसवते. परडीत माती, त्यात धान्य, मध्ये घट, वर माळ. सातव्या माळेच्या सकाळी बघतो तर ठकी परडीला नाक लावून गव्हाची कोवळी पाती मान तिरकी करून दाढेनं कापतेय. मी हाकलायला निघालो तर आईनं हात धरला. "खाऊ दे रे. मुकं जनावर आहे, देवीच्या दारातच खातंय ना."

दुपारी बाल्कनीच्या उंबऱ्याजवळ ती ओकली. थोडा फेस, पिवळसर पाणी आणि मध्ये करंगळीएवढी करड्या केसांची वळकटी. काडीनं उलगडून बघितली. चार-पाच पाती अख्खी, हिरवीच्या हिरवी, आणि केस त्यांच्याभोवती सुतळीसारखे पीळ घालून बसलेले. मग ठकीनं पाणी प्यायलं आणि जेवायला येऊन बसली. २०२५ मध्ये मांजरांच्या पोटातून पडलेले असे गोळे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बघितले गेले, तेव्हा पात्यांच्या कडांचे दाते आणि लव यांत केस अडकलेले दिसले. मी उंबऱ्यावर बघितलं होतं ते हेच, असं मला ते वाचताना वाटलं. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. हार्ट यांच्याच गटानं २०२१ मध्ये नोंदवलं की लांब केसांची आणि आखूड केसांची मांजरं गवत सारखंच खातात. मांजर केस काढायच्या उद्देशानं गवत खाते असं त्यावरून म्हणता येत नाही. खाल्ल्यावर केस निघायला मदत होते, एवढं मी माझ्या घरात बघितलंय.

घटाचं धान ज्याला उगवता येतं त्याला हा डबा वेगळा शिकवावा लागत नाही. श्रीखंडाच्या रिकाम्या डब्याला खालून भोकं पाडायची. मूठभर गहू रात्रभर भिजवून, दुसऱ्या दिवशी फडक्यात बांधून मोड आणायचे, मग दोन बोटं मातीवर किंवा कोकोपीटवर पसरून वर पातळ थर द्यायचा. सात-आठ दिवसांत पाती चार बोटं होतात, तेव्हा मांजरापुढे ठेवायचा. दोन आठवड्यांत पिवळा पडायला लागतो, म्हणून दर आठवड्याला एक नवा डबा.

गहू मात्र नीट निवडावा. शेतीच्या दुकानातलं पेरणीचं बियाणं नको, त्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं, बहुतेक वेळा रंगावरूनच कळतं. घरच्या वर्षाच्या गव्हातही सांभाळायला हवं. बोरिक पावडर लावून किंवा पाऱ्याच्या गोळ्या टाकून साठवलेल्या पिंपातला घेऊ नका. आम्ही उन्हाळ्यात गहू भरतानाच दोन किलो लोकवन काही न लावता बरणीत बाजूला काढतो. सातूही लावून बघितला. पातं जरा रुंद येतं, बंड्याला तो जास्त आवडतो. पण गहू घरात असतोच.

त्रास आहेत. जुलै-ऑगस्टमध्ये पुण्याच्या दमट हवेत बुरशी धरते आणि डबा टाकून द्यावा लागतो. दाणे विरळ पेरले आणि डबा ताटलीतल्या पाण्यात ठेवून खालून पाणी दिलं तर बराच फरक पडतो. पहिल्या दोन दिवसांत मुळांना पांढरी लव दिसते, ती बुरशी नव्हे. पाणी शिंपडलं की दिसेनाशी होते. बंड्या मुळासकट उपटतो आणि माती घरभर होते, त्यासाठी डबा जड कुंडीत बसवला. आणि ओकणं पूर्ण थांबत नाही. ज्याला चटईवरची एकही उलटी चालणार नाही त्यानं गवताच्या वाटेला न गेलेलं बरं.

दूर्वांबद्दल लोक हमखास विचारतात, कारण गणपतीत मांजर जुडी पळवतेच. हरळी मी कुंडीत लावली. टिकते छान, पण पातं चिवट आणि बारीक, ठकी दोन चावे घेऊन सोडते. मंडईतून आणलेली जुडी कुठल्या जागेवरची हे कळत नाही, म्हणून मी ती मांजरांपुढे ठेवत नाही. पार्किंगशेजारचं गवत तर नकोच. तिथे फवारणी होते, कुत्री फिरतात, आणि पावसाळ्यानंतर कुसळं धरतात. कुसळ किंवा लांब पातं टाळूमागून नाकात अडकलं तर मांजर अचानक शिंकांवर शिंका देते, एकाच नाकपुडीतून वाहायला लागतं. ते काढायला डॉक्टरच लागतात.

आणखी एक कारण मला महत्त्वाचं वाटतं. हिरवं मिळालं नाही की ठकी मनी प्लांट चावायची. त्यानं तोंडात आग होते, लाळ गळते. कोरफडही मांजरांना चालत नाही. सर्वांत घातक लिली. वाढदिवसाच्या गुच्छातल्या लिलीचे पराग किंवा फुलदाणीतलं पाणी एवढ्यानंसुद्धा मांजराची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. आमच्याकडे लिली येतच नाही. डबा आल्यापासून ठकीनं मनी प्लांट सोडला आहे.

ट्यूब की डबा हा विचार करण्याआधी एवढं बघा. मान पुढे काढून, जमिनीला टेकून नुसतीच ढास लागते आणि काही पडत नाही, असं वारंवार होत असेल तर तो केसांचा गोळा नसून दमा असू शकतो. उलटीत रक्त, दिवसभर जेवण नाही, शी होत नाही, तर घरचे उपाय थांबवा आणि डॉक्टर गाठा. गजऱ्याचा दोरा किंवा मांजा गिळल्याची शंका असली तर तोंडातून लोंबणारं टोक ओढू नका.

बंड्यासाठी ट्यूब अजून घरात आहे. फेब्रुवारीपासून त्याचे केस झडायला लागतात तेव्हा आठवड्यातून दोनदा, बोटावर घेऊन, तो आपणहून आला तरच. रोजचा कंगवा मात्र दोन्हींपेक्षा जास्त केस काढतो. लांब केसांचं मांजर असेल तर ट्यूब आणि डबा दोन्ही जवळ असावं असं मला वाटतं. गावठी, आखूड केसांच्या मांजरीला ट्यूबची गरज मला तरी दिसली नाही.

तिसऱ्या मजल्यावर दोन मुठी लोकवन आणि भोकं पाडलेला डबा देऊन आलोय. कोंब वर येईपर्यंत फ्रिजवर ठेवायला सांगितलंय, नाहीतर ओली माती बघून माऊ त्यातच शू करेल.