ओम्नीचा नवा कार्ब्युरेटर: पाचपैकी साडेतीन

आमची ओम्नी १९९६ची, भाजीचे क्रेट वाहते. महिनाभर सिग्नलला थांबली की बंद पडायची, वर पेट्रोलचा वास. इंजिन सीटखालीच, त्यामुळे वास थेट नाकात. प्लग काढले, तिन्ही काजळीने काळे. कार्ब्युरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग; त्याचे जेट (पेट्रोलची बारीक भोकं) धुतले, आत येणारं पेट्रोल रोखणारी फ्लोटची निडल बदलली. वास गेला, बंद पडणं मात्र तसंच. शेवटी मेकॅनिकने चालू इंजिनवर कार्ब्युरेटरच्या थ्रॉटलच्या (हवेच्या झडपेच्या) दांड्यापाशी क्लीनरचा फवारा मारला आणि आवाज लगेच बदलला. दांडा झिजून तिथून हवा ओढली जात होती. त्याला रिपेअर किट काय करणार!

मग पुण्याच्या नाना पेठेतून नवा कार्ब्युरेटर आणला, बिनब्रँडचा. ढलाई स्वच्छ, चोकची केबलही नीट बसली. पण सोबतचं गॅस्केट (सांध्यात बसणारी पातळ चकती) म्हणजे पापड. नट आवळताना तुटलंच. दुसऱ्यासाठी पुन्हा पेठेत फेरी, तीही भर उन्हात. आयडलचा (गाडी उभी असतानाच्या इंजिनच्या वेगाचा) स्क्रू पाव-पाव फेरा फिरवण्यात अर्धा तास गेला.

आता सकाळी चोक ओढला की पहिल्या सेल्फला उठते, मार्केट यार्डापर्यंत एकदाही बंद पडत नाही. दुकानदाराकडून बिल मात्र दोनदा मागून घ्यावं लागलं. गॅस्केट वेगळं, चांगलं घ्या.