बालगृह की बालग्राम?

निराधार मुलांना सांभाळणारं नेहमीचं बालगृह म्हणजे लांबलचक हॉल, ओळीने लावलेल्या पेट्या, शंभर जणांची एकच आमटी आणि पाळीनुसार बदलणाऱ्या ताई-दादा. बालग्रामाची रचना वेगळी. १९४९ साली समाजसेवक हर्मन ग्माइनर यांनी ऑस्ट्रियातल्या इम्स्ट इथे ती रुजवली. आपल्याकडे पुण्यात आणि लातुरातही असं बालग्राम आहे. छोटी छोटी घरं, प्रत्येक घरात वेगवेगळ्या वयाची आठ-दहा मुलं आणि कायम राहणारी एक ‘आई’.

माझ्या लेखी खरा फरक भावंडांच्या बाबतीत पडतो. बालगृहं बहुधा मुलांची वेगळी, मुलींची वेगळी. आईबापांमागे उरलेले बहीणभाऊ तिथे अनेकदा दुरावतात. बालग्रामात ते एका छपराखाली राहतात, भांडतात, एकमेकांचा अभ्यास घेतात. शिवाय बाजारात जाणं, भाजी निवडणं, पैशाचा हिशेब हे घरात आपसूक कळतं. हॉलमध्ये वाढलेल्या मुलाला ताट वाढून मिळतं, पण ते कुठून आलं हे दिसतच नाही.

बालगृहाचीही बाजू आहे. बाल कल्याण समितीने (अशा मुलांना कुठे ठेवायचं ते ठरवणारी सरकारी समिती) पाठवलेलं, चार-सहा महिन्यांत घरी परतणारं मूल नव्या आईच्या हवाली करून पुन्हा तोडायचं कशाला? त्याला बालगृहच बरं. खर्चही कमी. आणि बालग्रामात सगळी भिस्त एका बाईवर. ती थकली, सोडून गेली, तर मुलं दुसऱ्यांदा पोरकी होतात.

अठराव्या वर्षी संस्था सोडल्यानंतर पुढे काय, हा प्रश्न मात्र दोन्हीकडे सारखाच. कायद्यात २१ वर्षांपर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे संस्थेतून बाहेर पडल्यावर आधार देण्याची, सोय आहे. प्रवेशाआधी तिची चौकशी जरूर करा.