सावंतवाडी की पिंगुळी? घरातल्या कलेवर पोट भरायचं तर

घरात पिढीजात कला आहे, गाव सोडायचं नाही, आणि चूल मात्र त्यावरच पेटायला हवी. अशा घराने काही ठरवण्याआधी सिंधुदुर्गातली दोन ठिकाणं शेजारी ठेवून बघावीत. गाडीने फार लांब नाहीत एकमेकांपासून, पण दोघांचा हिशेब वेगळा.

सावंतवाडीत वस्तू विकतात. गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते. दशावतारी गंजिफेचा एक संच म्हणजे 120 गोल पानं: अवतार दहा, प्रत्येकाची पानं बारा. मत्स्याचं पाचवं पान असेल तर त्या एवढ्याशा गोलात पाच मासे, तेही हाताने काढलेले. असा संच स्वस्त देता येत नाही आणि गंजिफा खेळणारी माणसं आता शोधून सापडायची नाहीत. कला अगदी विझत आली असताना सावंतवाडीच्या राजघराण्यातले शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यात कारागिरांना बसवून ती सावरली. तीच चित्रं पुढे डब्यांवर, ट्रेवर, टेबलांवर आली. माझ्या मते खरी अक्कल इथेच दिसते. डबा मुंबईला एकटा जातो, कारागीर घरीच राहतो. पण नवशिक्याने एक विसरू नये: त्यांच्यामागे राजवाडा होता. आपल्यामागे बहुतेकदा सोसायटीचं कर्ज असतं. शिवाय चितारआळीत, म्हणजे सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांच्या बाजारात, लाकडी फळांच्या शेजारी बाहेरून आलेली प्लॅस्टिकची खेळणी मांडली की गिऱ्हाईक आधी किंमत विचारतं.

कुडाळजवळच्या पिंगुळीत उलट. तिथे गिऱ्हाईकाला अंगणात यावं लागतं. ठाकर समाजाची चित्रकथी, कळसूत्री आणि चामड्याच्या बाहुल्या या मुळातच करून दाखवायच्या कला. चित्रकथीत चित्र समोर उभं धरायचं, प्रसंग गाऊन सांगायचा, संपला की पुढचं चित्र. परशुराम गंगावणे यांनी घरच्या गोठ्याचंच संग्रहालय केलं; 2021 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. भांडवल म्हणाल तर गोठा, चित्रांच्या जुन्या पोथ्या आणि घरातली माणसं. अडचणही तीच, कारण बोलणारा, वाजवणारा, बाहुली नाचवणारा आजारी पडला की त्या दिवशी उत्पन्न नाही. चित्रांच्या नकला विकता येतात, पण जुन्या पोथीतलं अस्सल चित्र पैशाच्या नडीला विकलं तर पुढच्या पिढीने दाखवायचं काय?

घरात दोनच हात असतील आणि ते बोलके नसतील, तर सावंतवाडीची वाट धरा. मात्र सुरुवात रोजच्या वापरातल्या लहान वस्तूपासून. घर भरलेलं असेल, पोरांना गळा असेल, तर पिंगुळी. पावसाळ्यात येणारे कमी होतात, तेवढे महिने शेतीत निघतील का, हे आधी बघा.

आणि ठरवण्याआधी एक दिवस काढून दोन्हीकडे जाऊन या. सकाळी चितारआळी, दुपारी पिंगुळी. चितारआळीत कधीही जा. पिंगुळीला मात्र आधी फोन करा. मंडळी कार्यक्रमाला बाहेरगावी गेलेली असली, तर खुंटीवर टांगलेल्या बाहुल्या बघून परत याल.